वऱ्हाडातला ‘ऱ्ह’ आणि संगणकाचा कळफलक

अक्षराच्या माथ्यावरील टिंब, पायाशी ओढलेली रेघ, शेजारच्या अक्षराला टेकलेला बारीकसा फराटा, या गोष्टींना कित्येक सुशिक्षित गृहस्थदेखील केवळ अलंकार समजतात. अलंकार घातला तर शोभा वाढते, न घातला तरी मनुष्य तोच राहतो, असा त्यांचा हिशेब असतो. सर्व लेखन हाताने होत होते तोवर हा हिशेब फारसा महाग पडत नसे; कारण वाचणारा मनुष्य असे, आणि मनुष्य संदर्भावरून अर्थ जुळवून घेतो. सांप्रत पत्रे, अर्ज, दाखले, लग्नपत्रिका, सातबाऱ्याचे उतारे, किंबहुना आजीच्या वहीतील स्तोत्रेसुद्धा संगणकावर आणि हातातील फोनवर लिहिली जातात, आणि तेथे पहिला वाचक मनुष्य नसून यंत्र असते. यंत्राला संदर्भाचे सौजन्य ठाऊक नाही. जे चिन्ह दिले तेवढेच ते जाणते. यास्तव ही चिन्हे म्हणजे काय, ती यंत्रात कशी राहतात आणि कळफलकावरून ती कशी उमटवावीत, याचा थोडा विस्ताराने विचार करावा असे आम्ही या महिन्यापुरते योजिले आहे.

उदाहरणासाठी फार दूर जावयास नको. अकोला जिल्ह्यातील बाळापूर घ्या. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर १७५७ साली पूर्ण झालेला तेथील विटांचा किल्ला, बाळादेवीचे देऊळ आणि नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री यांमुळे हे गाव सर्व वऱ्हाडात परिचित आहे. येथे आमचा संबंध या स्थळांच्या इतिहासाशी नसून त्यांच्या नावांशी आहे. बाळापूर, म्हैस आणि वऱ्हाड या तीन नावांत मराठी लेखनाच्या बहुतेक सर्व अडचणी एकत्र नांदत आहेत. बाळापुरात ‘ळ’ आहे आणि दीर्घ ‘पू’ आहे. म्हैस नदीच्या नावात ‘म’ आणि ‘ह’ यांचे असे जोडाक्षर आहे की, त्याचा उच्चार एकाच श्वासात होतो. आणि वऱ्हाड या शब्दातला ‘ऱ्ह’ तर असा मानी आहे की, त्याच्या अंगावर नेहमीचा रफार चढविला तर तो आपले नावच सोडून देतो.

प्रथम या ‘र’ चीच कथा ऐकावी. मराठीत हे अक्षर चार वेषांत फिरते. ‘रथ’ या शब्दात ते आपल्या पूर्ण रूपात असते. ‘क्रम’ किंवा ‘राष्ट्र’ यांत ते आधीच्या व्यंजनाच्या पायाशी तिरकी रेघ होऊन बसते. ‘सूर्य’ आणि ‘धर्म’ यांत ते पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढते, त्यास आपण रफार म्हणतो. चौथा वेष मात्र संस्कृतात नाही. तो मराठीने आपल्या गरजेसाठी राखला आहे. वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या, पांढऱ्या, शेतकऱ्यांना, या शब्दांत ‘र’ पापणीच्या केसासारखा बारीक होऊन पुढच्या ‘ह’ ला किंवा ‘य’ ला टेकतो.

हा भेद केवळ डोळ्यांचा नव्हे, कानाचाही आहे. ‘सूर्य’ म्हणताना ‘र’ चा आघात मागच्या अक्षरावर पडतो. ‘दऱ्या’ म्हणताना ‘द’ वर कोणताच भार येत नाही. म्हणूनच ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील घळी. ‘आचार्यांना दक्षिणा द्यावी’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा द्यावी’ ही दोन वाक्ये मुंजीच्या यादीत लिहिली असता एका फराट्याने पाकीट मंडपाऐवजी मुदपाकखान्यात जाईल. ‘म्हैस’ मधील ‘म्ह’, ‘न्हाणे’ मधील ‘न्ह’ आणि ‘वऱ्हाड’ मधील ‘ऱ्ह’ ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत. त्यांचा उच्चार करताना जीभ मधे थांबत नाही, आणि मागच्या अक्षरावर आघातही देत नाही. ‘वर्हाड’ असे लिहिले की वाचणाऱ्याची जीभ ‘वर्’ पाशी अडखळते. वऱ्हाडातील मनुष्य आपल्या प्रांताचे नाव तसे कधीच उच्चारीत नाही.

आता हे अक्षर यंत्रात कसे राहते ते पाहू. संगणकास आकृती ठाऊक नसते. त्यास ठाऊक असतात क्रमांक. भारतीय लिप्यांसाठी असे क्रमांक ठरविण्याचे काम १९८० नंतरच्या दशकात झाले आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने त्यास प्रमाण म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी जगातील लिप्यांना एका कोष्टकात बसविणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेची पहिली आवृत्ती निघाली. तिने देवनागरीची मांडणी याच भारतीय कामावरून घेतली. या कोष्टकात प्रत्येक स्वरास, व्यंजनास, मात्रेस व चिन्हास स्वतंत्र घर आहे. काना हे एक घर, अनुस्वार हे दुसरे, हलन्ताचे चिन्ह हे तिसरे. जोडाक्षरांना मात्र स्वतंत्र घरे नाहीत. व्यंजन, मग हलन्त, मग दुसरे व्यंजन, असा क्रम लिहिला म्हणजे त्यांचे जोडाक्षर जुळवून दाखविणे हे पडद्यावरील टंकाचे काम होय. आपणांस ‘बाळापूर’ या नावात चार अक्षरे दिसतात. यंत्रात ती सात आहेत: ब, काना, ळ, काना, प, दीर्घ ऊकार, र. ‘वऱ्हाड’ डोळ्यांना तीन अक्षरांचे, तर यंत्रात सहांचे आहे.

त्या सहांतील एक पाहुणा आहे. रफार आणि ‘क्र’ मधील रेघ ही दोन्ही रूपे नेहमीच्या ‘र’ पासूनच निघतात: ‘र’ आणि हलन्त आधी आले की रफार, हलन्तानंतर ‘र’ आला की पायाची रेघ. मग पापणीच्या ‘र’ साठी काय करावे? कोष्टकात ‘ऱ’, म्हणजे खाली टिंब असलेला ‘र’, असे एक वेगळे घर आहे. ते मुळात द्राविडी भाषांतील एका विशेष ‘र’ चा उच्चार देवनागरीत दाखविण्यासाठी राखलेले आहे. याच पाहुण्याचा पाय मोडला, म्हणजे त्यास हलन्त लावून पुढे ‘ह’ किंवा ‘य’ लिहिला, की पापणीचा ‘र’ उमटतो. तात्पर्य, आमचे वऱ्हाड आणि आमचे शेतकरी बंधू संगणकात एका दाक्षिणात्य अक्षराच्या खांद्यावर हात ठेवून उभे आहेत. ही व्यवस्था ठाऊक नसल्यामुळेच ‘शेतकर्‍यांना’, ‘शेतकर्यांना’ आणि ‘शेतकऱ्यांना’ अशी तीन प्रकारची लेखने आढळतात. पहिल्यात नेहमीचाच ‘र’ असून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घातलेले असते. ते पडद्यावर तिसऱ्यासारखेच दिसते, परंतु यंत्राच्या दृष्टीने तो निराळा शब्द होय.

येथे जुन्या टंकलेखनयंत्राची आठवण होणे साहजिक आहे, कारण पुष्कळांच्या अडचणीचे मूळ त्या यंत्राच्या सवयीत आहे. त्या यंत्रावर अक्षर जसे दिसते तसे ठोकावे लागे. ‘कि’ लिहावयाचे तर ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी वेलांटी, मग ‘क’. ‘सूर्य’ लिहावयाचे तर ‘य’ ठोकून झाल्यावर त्याच्या डोक्यावर रफार. युरोपातील भाषांच्या यंत्रांवरही अशीच तऱ्हा होती; स्वरावरची तिरकी रेघ आधी ठोकीत, त्या ठोक्याने कागद पुढे सरकत नसे, आणि मग त्याच जागी अक्षर उमटे. अशा कळीस तिकडे ‘मृत कळ’ म्हणतात. थोडक्यात, टंकलेखनयंत्र डोळ्याने लिहीत असे.

संगणक जिभेने लिहितो. ज्या क्रमाने आपण बोलतो त्याच क्रमाने त्यास अक्षरे हवी असतात. ‘कि’ म्हणताना आधी ‘क्’ आणि मग ‘इ’ उच्चारतो. म्हणून आधी ‘क’, मग वेलांटी. ‘सूर्य’ म्हणताना ‘र्’ आधी आणि ‘य’ नंतर येतो. म्हणून ‘र’, हलन्त, ‘य’ असा क्रम. रफार डोक्यावर नेऊन बसविणे हे यंत्राने पाहावे. हे एक सूत्र ज्याच्या ध्यानात आले त्याची निम्मी अडचण दूर झाली असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. ज्या घरात वडीलधाऱ्यांनी मुलांकडून स्पष्टोच्चार करवून घेतले असतील, त्या घरातील मुलांस मराठी टंकलेखन निम्मे आधीच येत असते.

या सूत्रावर आधारलेली कळफलकाची मांडणी इनस्क्रिप्ट या नावाने १९८६ पासून प्रचारात आली. विंडोज आणि लिनक्स या दोन्ही व्यवस्थांत ती अंतर्भूत असून तिच्यासाठी वेगळे द्रव्य खर्चावे लागत नाही; भाषेच्या मांडणीत मराठी निवडली की पुरे. या मांडणीत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. मात्रेची जी कळ तीच शिफ्टसह दाबली की तो पूर्ण स्वर. व्यंजनाची जी कळ तीच शिफ्टसह दाबली की बहुधा त्याचे महाप्राण रूप. ‘क’ च्या कळीवर ‘ख’, ‘त’ च्या कळीवर ‘थ’, ‘प’ च्या कळीवर ‘फ’. वर्णमाला पाठ असलेल्या मनुष्यास ही रचना परकी वाटण्याचे काही कारण नाही.

आता प्रत्यक्ष करून पाहावे. इंग्रजी अक्षरे छापलेल्या नेहमीच्या कळफलकावर बाळापूर असे येते: वाय या कळीने ‘ब’, ई ने काना, शिफ्टसह एन ने ‘ळ’, पुन्हा ई ने काना, एच ने ‘प’, टी ने दीर्घ ऊकार आणि जे ने ‘र’. म्हैस लिहिण्यास सी ने ‘म’, डी ने हलन्त, यू ने ‘ह’, डब्ल्यू ने दोन मात्रा आणि एम ने ‘स’. वऱ्हाडासाठी बी ने ‘व’, शिफ्टसह जे ने ‘ऱ’, डी ने हलन्त, यू ने ‘ह’, ई ने काना, आणि पी च्या लगत उजवीकडे असलेल्या कंसाच्या कळीने ‘ड’. पाहा, जे या एकाच कळीवर साधा ‘र’ आणि पाहुणा ‘ऱ’ असे दोघे राहतात. सारा भेद शिफ्टच्या एका दाबाचा आहे. लिहून झाल्यावर खोडण्याची कळ एकेकदा दाबून पाहावी. बहुतेक ठिकाणी प्रथम ‘र’ जातो, नंतर दीर्घ ऊकार जातो आणि ‘प’ मात्र मागे उघडा राहतो. चिन्ह हे स्वतंत्र अक्षर आहे याचे याहून बोलके प्रमाण नाही.

कित्येकजण इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात आणि यंत्राने सुचविलेल्या शब्दांतून एक निवडतात. ही रीत सोपी आहे, तिचा आम्ही निषेध करीत नाही. परंतु इंग्रजी आर आणि एच या अक्षरांत रफार की पापणी याची कोणतीही खूण नसते, आणि एल या अक्षरात ‘ल’ की ‘ळ’ हेही कळत नाही. म्हणजे ज्या ठिकाणी लिहिणाऱ्याने निर्णय घ्यावयाचा, त्या ठिकाणी निर्णय यंत्रावर सोपविला जातो. ज्यास आपल्या गावाच्या नावातील ‘ळ’ महत्त्वाचा वाटतो त्याने सुचविलेला शब्द डोळ्यांखालून घालूनच स्वीकारावा. ज्या हिंदी वळणाच्या यादीत ‘ळ’ नाही, तीत बाळापूरचे ‘बालापुर’ होण्यास क्षणही लागत नाही. वस्तुतः ‘ळ’ हा काही गावंढळ वर्ण नव्हे. ऋग्वेदाच्या पहिल्याच मंत्रात तो विराजमान आहे. आणि ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावा हा तर १९६२ च्या मराठी लेखनविषयक नियमांतील स्पष्ट नियम होय.

कोणी म्हणेल, दिसण्यात जर फरक नाही तर आतील क्रमांक कोणते आहेत याची चिकित्सा कशाला? उत्तर असे की, शोध दिसण्यावरून होत नाही. शंभर नावांच्या यादीत ‘गोऱ्हे’ हे आडनाव एकाने पाहुण्या ‘ऱ’ ने लिहिले आणि शोधणाऱ्याने अदृश्य जोडचिन्हाने लिहिले, तर नाव समोर असूनही यंत्र ‘नाही’ असे सांगू शकते. काही मोठी शोधयंत्रे अशा पाठभेदांना सांभाळून घेतात. परंतु घरची, शाळेची किंवा कचेरीची साधी यादी सांभाळून घेईलच असा भरवसा नाही. हाच प्रकार ‘बँक’ या शब्दाचा. ‘ब’ वर चंद्रबिंदू देऊन तो लिहिता येतो आणि ‘ब’ वर आधी चंद्र व मग अनुस्वार देऊनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्रात दोन्ही भिन्न. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. तत्पूर्वी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र ठेवीत असत, आणि तसे लिहिलेले लेखन अद्याप सर्वत्र आढळते. घरात, संस्थेत किंवा मंडळात एक रीत ठरवावी आणि सर्वांनी तीच पाळावी, एवढाच यावर उपाय आहे.

जी कुटुंबे परदेशी राहिली आहेत त्यांच्यासमोर हा प्रश्न उलट दिशेने येतो. तेथे मराठी नाव रोमन लिपीत जाते आणि त्याचे मूळ उच्चार गळून पडतात. २००१ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार दीर्घ स्वरावर आडवी रेघ आणि ‘ळ’ साठी एल या अक्षराखाली टिंब देण्याची सोय आहे. तशी चिन्हे दिली म्हणजे बाळापूर हे नाव रोमन लिपीतही बाळापूरच राहते. फोनवर एखादा इंग्रजी स्वर दाबून धरला असता त्यावरील चिन्हांची रांग उघडते आणि तीत आडव्या रेघेचा स्वरही सापडतो. अशी चिन्हे म्हणजे पंडितांची हौस, असे समजू नये. स्पॅनिश भाषेत ‘पापा’ या शब्दाच्या अखेरच्या स्वरावर तिरकी रेघ दिली तर त्याचा अर्थ वडील. ती विसरली तर दक्षिण अमेरिकेत त्याचा अर्थ बटाटा. आपल्या वडिलांस पत्र लिहिताना कोणताही सुपुत्र ही रेघ विसरू इच्छिणार नाही.

परंतु स्वरचिन्हाचे महत्त्व आमच्या वाचकांस स्पॅनिश भाषेवरून शिकविण्याची आवश्यकता नाही. त्वष्ट्याची कथा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. इंद्राचा नाश करणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने यज्ञ आरंभिला. परंतु ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला आणि अर्थ उलटला. स्वर अखेरच्या अक्षरावर असता तर तो तत्पुरुष समास, म्हणजे ‘इंद्राचा शत्रू’, इंद्राचा संहारक. स्वर पहिल्या अक्षरावर पडला म्हणून तो बहुव्रीही झाला, म्हणजे ‘इंद्र ज्याचा शत्रू’, ज्याचा संहार इंद्र करील असा. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभी व्याकरणाचे प्रयोजन सांगताना हाच दाखला घेतला आहे. अक्षरे तीच, मात्रा त्याच, केवळ स्वर निराळा. आणि वृत्र जन्मास येऊन इंद्राच्याच हातून मेला.

हे दोन शब्द लिहून दाखवावयाचे तर पहिला ‘इ॒न्द्र॒श॒त्रुः’ आणि दुसरा ‘इन्द्र॑शत्रुः’ असा लिहावा लागेल. ऋग्वेदाच्या प्रचलित लेखनपद्धतीत अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरितावर उभी रेघ आणि उदात्तावर काहीच नाही, अशी योजना आहे. म्हणजे जो मुख्य स्वर तोच निराभरण आणि त्याच्या मागेपुढे असलेल्यांना चिन्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील ऋग्वेदाची ३० हस्तलिखिते २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावर नोंदली गेली. वेद हे मुख्यतः कंठस्थ परंपरेने राखलेले असले तरी लेखकांनी या रेघा ओढण्यात कसूर केली नाही, ही गोष्ट आजच्या टंकलेखकाने ध्यानी घेण्याजोगी आहे.

या दोन रेघांना युनिकोडमध्ये जागा आहे: उभ्या रेघेचा क्रमांक ०९५१ आणि आडव्या रेघेचा ०९५२. येथे एक फसगत टाळावयाची आहे. ०९५१ या चिन्हाचे कोष्टकातील नाव ‘उदात्त’ असे आहे, परंतु ऋग्वेदाच्या लेखनात उभी रेघ स्वरिताची असते. नाव पाहून ते चिन्ह उदात्त अक्षरावर ठेवले तर सर्व मंत्राचा स्वर बिघडेल. नावाकडे लक्ष न देता आकृतीकडे द्यावे. तैत्तिरीय शाखेच्या पोथ्यांत दीर्घ स्वरितासाठी येणाऱ्या दोन उभ्या रेघा, तसेच सामवेदात अक्षरांवर लिहिले जाणारे अंक, यांस २००९ साली निघालेल्या युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत जागा मिळाली. तोपर्यंत अशा पोथ्या टंकित करणाऱ्यास काही ना काही तडजोड करावीच लागे.

ही चिन्हे लिहिण्याची एक सोपी रीत अशी. मायक्रोसॉफ्ट वर्ड या लेखनसाधनात अक्षर व त्याची मात्रा लिहून झाल्यावर लगेच इंग्रजी अंकांत ०९५२ असे लिहावे आणि ऑल्ट व एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. अंक नाहीसे होऊन त्या जागी अक्षराखाली रेघ येते. येथेही सूत्र तेच: आधी व्यंजन, मग स्वराची मात्रा, मग त्या स्वराचा सूर. जिभेचा क्रम कोठेही सुटत नाही. मात्र टंक असा निवडावा की ज्यात वैदिक चिन्हांची आकृती आहे. नाहीतर रेघेच्या जागी रिकामी चौकट दिसते. चौकट दिसली म्हणून चिन्ह हरवले असे समजू नये. क्रमांक आत सुरक्षित असतो, टंक बदलताच आकृती उमटते.

याच्या उलट स्थिती जुन्या लेखनाची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठीसाठी जे अनेक टंक वापरात होते, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीच्या आकृत्या बसविलेल्या असत. टंक जवळ असेतो मजकूर उत्तम दिसे. टंक नाहीसा होताच तोच मजकूर अर्थहीन रोमन अक्षरांची रास होऊन बसे. ज्या घरांत कुलवृत्तान्त, आजोबांचे लेख किंवा मंडळाचे अहवाल अशा टंकांत पडून असतील, त्यांनी जुने यंत्र किंवा जुना टंक हाताशी आहे तोवरच त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे; रूपांतरानंतर रफार, पापणीचा ‘र’ आणि ऱ्हस्व वेलांटी ही तीन स्थाने विशेष बारकाईने तपासावीत. डोळ्याच्या क्रमाने लिहिलेला मजकूर जिभेच्या क्रमात आणताना चूक होते ती बहुधा याच तीन ठिकाणी.

हस्तलिखित वह्यांसंबंधी आणखी एक सूचना. १९६२ पूर्वीच्या लेखनात ‘घरांत’, ‘त्यानें’, ‘केलें’ असे अनुस्वार असत. ते उच्चारात नसले तरी निरर्थक नव्हते. सप्तमीचा अनुस्वार, तृतीयेचा अनुस्वार, नपुंसकलिंगाचा अनुस्वार, अशी त्यांस व्याकरणात नोकरी होती. आजच्या लेखनात त्यांची आवश्यकता नाही आणि ते परत आणावेत असे आम्ही सुचवीत नाही. परंतु आजीची वही उतरवून घेताना ते गाळू नयेत. वहीत जे आहे ते लिहावे. अनुस्वाराची कळ एक्स या अक्षराखाली आहे, ती दाबण्यास फारसे श्रम पडत नाहीत. वही सुधारण्याचा अधिकार ती लिहिणाऱ्याचा होता, उतरवून घेणाऱ्याचा नव्हे.

आमच्या मते या सर्व कामास आजच्या एकत्र कुटुंबासारखे सोयीचे स्थान दुसरे नाही. ज्यांस स्वर, आघात आणि ऱ्हस्वदीर्घ ठाऊक आहेत ते बहुधा घरातील वडील. ज्यांच्या बोटांस कळफलक ठाऊक आहे ती बहुधा नातवंडे आणि सुना. एकाने स्पष्ट म्हणावे, दुसऱ्याने त्या क्रमाने लिहावे, आणि लिहून झालेले तिसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावे. वाचताना जीभ जेथे अडखळेल तेथे एखादे चिन्ह चुकले आहे असे समजावे. दररोज अर्धा तास या रीतीने बसले असता थोड्याच महिन्यांत एखादी जुनी वही चिन्हांसकट शुद्ध उतरून होईल, आणि मुलांस आपल्या भाषेची जी ओळख होईल ती कोणत्याही शिकवणीत विकत मिळणार नाही.

ही गोष्ट पोथ्यांपुरतीच ठेवू नये. शेजारचा शेतकरी अर्ज घेऊन आला तर त्याचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि गावाचे नाव यांतील प्रत्येक वेलांटी त्याच्या दाखल्याशी ताडून लिहून द्यावी. दोन कागदांवर दोन प्रकारचे नाव असले म्हणजे हेलपाटे त्यास पडतात, लिहिणाऱ्यास नव्हे. ज्यास अक्षर येते त्याने दुसऱ्याचे नाव शुद्ध लिहावे, ही विद्येची किमान परतफेड होय. प्रारंभ म्हणून आमच्या वाचकांनी आज आपापल्या यंत्रावर मराठी मांडणी सुरू करून आपले स्वतःचे नाव, आपल्या गावाचे नाव आणि त्याखाली ‘वऱ्हाड’ हा एक शब्द, असे तीन शब्द लिहावेत. ‘ऱ्ह’ नीट उमटला म्हणजे उरलेली वर्णमाला फार दूर नाही.